पाणी ओतून पाहिलंस ना?

७ ऑक्टोबर

सोमवारी सकाळी मी एक गोष्ट केली, ती आधी लिहून ठेवतो. प्रार्थना झाली, दुकान उघडलं, केर काढला, मशीनला तेल दिलं आणि दादाच्या तंबूची पिशवी टेबलावर घेतली. नाडी सोडून आत जेमतेम डोकावलो. आंबूस, कोंदट वास आला. मी नाडी ओढली, वर आणखी एक गाठ मारली आणि पिशवी ताडपत्रीच्या गठ्ठ्यांमागे सरकवून दिली. दुपारी वहिनींचा फोन आला तेव्हा म्हणालो, "घेतलाय हातात."

ही वही मी आजपासून लिहितो आहे. शाळेत गुरुजी म्हणायचे की मनातलं लिहिलं की अक्षर सुधारतं. माझं अक्षर आता काय सुधारणार! पण कुठेतरी खरं लिहायला हवं, म्हणून.

मी ताडपत्र्या, गाड्यांची आवरणं, दुकानांपुढची छतं शिवतो. सव्वीस वर्षं झाली. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, शाळेत भूगोल शिकवायचा. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो एकटा डोंगरावरच्या तळ्याकाठी चार दिवस तंबू ठोकून राहायचा. गेल्या वर्षी दुसऱ्या रात्री तिथे पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका वाटाड्याला तो सापडला. अंथरूण, कपडे, सगळं चिंब होतं. डॉक्टर म्हणाले, थंडी आणि हृदय, दोन्ही. लोकांनी त्यातलं हृदय तेवढं धरलं.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्या तंबूच्या वरच्या कापडाच्या शिवणी मी बुजवल्या होत्या. शिवणींवरच्या जुन्या पट्ट्या सुटल्या होत्या. दुकानात काचा बसवायचं सिलिकॉन पडलेलं होतं, तेच भरलं. दिसायला सुबक झालं. दादा तंबू न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, "पाणी ओतून पाहिलंस ना?" मी म्हणालो, "पाहिलं. तू निघ."

पाहिलं नव्हतं. एका ट्रकच्या ताडपत्रीची घाई होती.

एवढंच आहे. अकरा महिने हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. देवाला रोज सांगतो, पण त्याला ते आधीच ठाऊक असणार, म्हणजे ते सांगणं नव्हेच.

आता माझी पुतणी, घरात सगळे तिला चिमणी म्हणतात, वर्ष पुरं होताना त्याच तळ्याकाठी, त्याच तंबूत दोन रात्री राहणार आहे. बरोबर तिची एक मैत्रीण. एक नोव्हेंबरला निघायचं ठरलंय. तंबू वहिनी स्वतः घेऊन आल्या. दोन जिने चढून आल्या, धाप लागली होती, तरी पाणीही घेतलं नाही. म्हणाल्या, "भाऊजी, दुसऱ्या कुणाकडे देऊ नका. तुम्हीच करा."

माझ्यावर एवढा भरवसा.

९ ऑक्टोबर

आज गच्चीवर तंबू पसरला. एकट्याने जमेना म्हणून इंचरावांना हाक मारली. इंचराव म्हणजे आमच्याकडे कापड बेतणारे. कुणी वेळ विचारली तरी ते घड्याळाआधी टेप काढतील, असं त्यांना सगळे चिडवतात.

कापड वरून बरं आहे. आतल्या बाजूचा लेप मात्र गेला. बोट लावलं की चिकटतं, खरवडलं की पापुद्रे निघतात. ओला तंबू घडी करून ठेवला की असं होतं. वाटाड्याने गुंडाळला तो ओलाच होता, पुढे बरेच दिवस तसाच राहिला असणार.

इंचराव गुडघ्यांवर बसून शिवणी बघत होते. एका शिवणीवरून त्यांनी नख फिरवलं. सिलिकॉन सालासारखं लांबच्या लांब निघून आलं.

"हे कुणी केलं हो?"

"का?"

"अहो, या कापडावर सिलिकॉन धरत नाही. एक घडी घातली की सुटलंच. वर्षभर जरी या धंद्यात काढलं असेल त्याला कळेल. कुठल्या गाढवाने केलंय हे?"

मी म्हणालो, "काय माहीत."

"बाजारातला कुणी असणार," ते म्हणाले. "तुमच्या दादांना सांगायला हवं होतं तुम्ही, घरात माणूस असताना बाहेर कशाला द्यायचं म्हणून."

मी खुंट्यांची थैली उघडून खुंट्या मोजायला लागलो. तेरा होत्या. थैलीत एक लहान प्लॅस्टिकची पुडीही निघाली, तोंडाला रबर लावलेलं. आत सिलिकॉनची सुटलेली एक पट्टी, वीतभर, गुंडाळी करून नीट ठेवलेली. वहिनी पहिल्यापासून अशाच नीटनेटक्या. कचरासुद्धा बांधून ठेवतात. मी पुडी टाकून दिली.

१० ऑक्टोबर

प्रार्थनेला उभा राहिलो. शब्द आले, मन आलं नाही. देवाकडे माफी मागायला सोपं जातं. त्याला त्या तंबूत झोपायचं नव्हतं.

१३ ऑक्टोबर

कोमट पाण्यात थोडा साबण घालून तंबू भिजवला. एवढं मोठं भांडं घरात नाही, म्हणून न्हाणीघराची मोरी बुजवली आणि तिथेच पाणी भरलं.

ही दारात येऊन उभी राहिली. "अहो, माणसांनी आंघोळ कुठे करायची? तंबूच्या आत?"

"तासाभराचं काम आहे."

"तुमचा तास मला माहीत आहे. लग्नाच्या दिवशी तासाभरात येतो म्हणून मशीनचा पट्टा आणायला गेला होतात."

हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि आल्याबरोबर लाज वाटली.

आतला लेप मऊ ब्रशने घासून काढला. पाणी पांढरं, मग करडं झालं. न्हाणीघरभर तो आंबूस वास. तळाशी बारीक खडे आणि वाळकं गवत उरलं. तळ्याकाठचंच असणार. मी ते मोरीत सोडलं नाही, कागदावर काढून वाळत ठेवलं. का ठेवलं ते सांगता येणार नाही. संध्याकाळी हिने विचारलं, "हे काय जपून ठेवलंय?" मी म्हणालो, "काही नाही," आणि खिडकीतून टाकून दिलं.

१५ ऑक्टोबर

सिलिकॉन निघता निघत नाही. स्पिरिटने पुसलं, सुरीच्या पाठीने खरवडलं, हातांची सालं गेली. डोळ्यांना काही दिसत नाही, पण कापडात ते मुरलेलं आहे. एका शिवणीवर योग्य तो लेप लावून एक दिवस वाळू दिला. आज नखाने उचलला तर अख्खा उचलून आला. सिलिकॉन लागलं त्या जागी पुन्हा सिलिकॉनशिवाय काही धरत नाही, आणि सिलिकॉनला हे कापड धरत नाही. हे मला गेल्या वर्षीही ठाऊक होतं. हो, होतं. लिहितोच आहे तर खरं लिहितो. ठाऊक होतं, आणि वाटलं होतं की चार दिवसांपुरतं चालेल.

१७ ऑक्टोबर

शनिवार. शनिवारी मी वहिनींकडे जातो. दादा गेल्यापासून एकही चुकवलेला नाही. बिजागऱ्या, नळ, पंखा, काही ना काही काढतो आणि करून देतो.

आज बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "होतोय का तंबू?"

"होतोय."

"पाणी कुठून आलं असेल हो?"

मी स्वयंपाकघरातल्या नळाकडे बघत होतो. म्हणालो, "कापड जुनं होतं, वहिनी."

"हं. जुनं होतं." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "निघताना मी त्यांना म्हटलं होतं, नवीन घ्या. तर म्हणाले, धाकट्याने पाणी ओतून पाहिलंय, तू झोप निवांत."

मी पाना घेऊन उठलो.

"भाऊजी, नळ ठीक आहे. वर्षभर ठीकच आहे."

तरी मी त्याचा वायसर बदलला. येताना त्या दारापर्यंत आल्या आणि मी चपला घालीपर्यंत उभ्या राहिल्या, जणू मी काही विसरलोय. खिसे चाचपले. काही विसरलं नव्हतं.

दादाचे शेवटचे शब्द माझ्याविषयीचे, आणि विश्वासाचे. त्या बिचारीने मला बरं वाटावं म्हणून ते सांगितले. रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. 

२० ऑक्टोबर

इंचराव म्हणाले, "शिवणी सुधारत नसतील तर शिवणीच काढून टाका."

हे मला सुचायला हवं होतं. प्रत्येक शिवणीच्या दोन्ही अंगांचं चार चार इंच कापड कापून टाकायचं, तिथे नवीन कापडाच्या पट्ट्या बसवायच्या. जिथे सिलिकॉन लागलं ते सगळं बाहेर. मग आतून सबंध नवा लेप.

आज कात्री चालवली. दादाच्या तंबूवर. इंचरावांनी खडूने रेघा मारून दिल्या आणि मी त्यांवरून कापत गेलो. कापून पडलेल्या पट्ट्यांचा ढीग झाला तेव्हा ते म्हणाले, "गाढवाचं काम गेलं बघा सगळं."

मी म्हणालो, "गेलं."

२३ ऑक्टोबर

तीन दिवस नुसती शिलाई. बारीक सुई, जवळ टाका, दुहेरी दुमड. दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. दोन गिऱ्हाइकं ओरडून गेली. एवढं मन लावून मी आयुष्यात काही शिवलेलं नाही. शिवताना एका जागी थांबलो आणि वाटलं, हे असं गेल्या वर्षी करायला किती वेळ लागला असता? हिशेब केला. चार दिवस. तेव्हा मी त्या तंबूला एक दुपार दिली होती, आणि तीही जेवणानंतरची.

जेवताना ही म्हणाली, "तुम्ही तंबू दुरुस्त करताय की शिक्षा भोगताय?"

मी घास ताटात परत ठेवला. तिने पाण्याचा पेला सरकवला. तिला काही कळलंय असं नाही. तिला असं बोलायची सवयच आहे.

२४ ऑक्टोबर

शनिवार. वहिनींकडे गेलो नाही. लेप लावायचा आहे असा निरोप दिला. लेप उद्या लावायचा आहे.

२६ ऑक्टोबर

काल आणि आज दोन हात दिले. पातळ हात द्यायचा, एका दिशेने, आणि दिवसभर मोकळ्या हवेत सोडायचं. हवा दमट आहे, वाळायला वेळ घेतंय. वाळल्यावर चिकटू नये म्हणून पावडर भुरभुरली. तंबू पांढराफटक दिसतो. तिरडीवरच्या कापडासारखा, असं मनात आलं आणि मी खाली जाऊन हात धुतले, पुन्हा पुन्हा.

एक विचार आला तोही लिहितो. तंबू होत नाही असं सांगून टाकावं. कापड फाटलं, संपला, नवीन घ्या. म्हणजे चिमणी जाणार नाही, कुणी काही विचारणार नाही. कात्री हाताशी होती. जवळ जवळ अर्धा तास मी त्या कात्रीशेजारी बसलो होतो. मग मला दिसलं की मी पुन्हा तेच करतो आहे. एक थाप दुसऱ्या थापेखाली पुरतो आहे.

२८ ऑक्टोबर

चिमणी आली. प्रयोगशाळेतून सरळ, गळ्यात ओळखपत्र तसंच. रक्त तपासायचं काम करते, त्यामुळे कशावरही तिचा चटकन विश्वास बसत नाही. तंबू गच्चीवर उभा होता. तिने शिवणींवरून हात फिरवला, म्हणाली, "काका, हा तर आधीपेक्षा भारी झाला. आता मी आत बसते, तुम्ही पाणी सोडा."

"मी पाहिलंय गं. काल तासभर सोडलं होतं."

"मग आज माझ्यासमोर. आमच्याकडे दोनदा तपासल्याशिवाय अहवाल देत नाहीत."

ती आत शिरली, दाराची चेन आतून ओढली. मी गच्चीवरच्या नळाची नळी घेऊन वरून पाणी धरलं. कापडावर थेंब गोळे होऊन घरंगळत होते. पाहायला सुंदर होतं. आतून तिची सावली दिसत होती, मांडी घालून बसलेली.

"कोरडं!" ती ओरडली. "कोपऱ्यांवर धरा! हं, कोरडं! काका, तुम्ही पाऊस झालात तरी काही उपयोग नाही!"

मी सगळ्या बाजूंनी धरलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं.  मग आतूनच, चेहरा दिसत नसताना, तिने विचारलं, "काका, बाबांच्या वेळी पण असंच पाहिलं होतं का?"

आवाज साधा होता. लहानपणी ढग कशाचे असतात ते विचारायची तसा.

मी नळ मोठा केला.

पाण्याचा आवाज इतका झाला की काहीच ऐकू आलं नसतं. तिने पुन्हा विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचे केस कोरडे होते, हात कोरडे होते, डोळे ओले होते. आत कोंडून बसल्याने तसं झालं असेल. म्हणाली, "मस्त झालाय. थँक्यू काका. शनिवारी संध्याकाळी तुम्हीच घरी घेऊन या, मी रविवारी पहाटे निघते."

शनिवार म्हणजे एकतीस.

२९ ऑक्टोबर

तंबू चांगला झाला. इतका चांगला की लोक कौतुक करतील. इंचरावांनी खालच्या दुकानदाराला आणून दाखवला. तो म्हणाला, "हाताला गुण आहे तुमच्या." मला वाटलं होतं, तंबू कोरडा राहिला की छातीवरचं काहीतरी उतरेल. उलट झालंय. तो बिघडलेला होता तोवर मला काम तरी होतं.

प्रार्थना केली नाही. पहिल्यांदा चुकवली. म्हणजे उभा राहिलो, पण मागायला काही सुचेना.

३० ऑक्टोबर

हिला सांगितलं. दुपारी, भांडी विसळत असताना, तिची पाठ माझ्याकडे होती तेव्हा. तिचे हात थांबले. वळली नाही.

"जाऊबाईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

नळ चालू होता. मी तो बंद केला. ती म्हणाली, "मला सांगून तुमचं ओझं कमी होईल. त्यांचं काय होईल?"

"सांगून दादा परत येणार आहे का?"

"नाही. आणि न सांगून?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, ती बाई वर्षभर तुम्हाला चहा करून देतेय. कशी देत असेल?"

मला तिचं बोलणं नीट कळलं नाही. रागाच्या भरात ती तोडून बोलते.

दिवसभर विचार केला. सांगितलं तर वहिनींचा एकमेव आधार जाईल, असं मी अकरा महिने स्वतःला समजावत आलो. आज प्रामाणिकपणे विचारलं, की मी त्यांचा कसला आधार? ज्या नळाला काही झालेलं नाही त्याचा वायसर बदलतो तो आधार? गेलं तर माझंच जाईल. शनिवारचा चहा, त्या घरातली खुर्ची, चिमणीचं काका म्हणणं. तेच वाचवत बसलोय मी.

आणि चिमणीला ठाऊक असायला हवं. त्या तंबूत झोपायचं की नाही हे तिने ठरवायचं आहे, आणि ठरवायचं तर सगळं कळून.

उद्या.

३१ ऑक्टोबर

तंबू घेऊन गेलो. दार वहिनींनी उघडलं. चिमणी आतल्या खोलीत सामान भरत होती. वहिनी म्हणाल्या, "ठेवा इथे. चहा टाकते."

मी म्हणालो, "चहा नको. आधी ऐका."

त्या लगेच बसल्या. हातातलं फडकं मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. गाडीची वाट बघत बसलेलं माणूस लांबून आवाज आला की जसं सावरून बसतं, तशा. मी उभाच होतो. कुठून सुरुवात करायची ते ठरवून गेलो होतो, ते सगळं विसरलो. तरी सांगितलं. सिलिकॉन, ते धरत नाही हे मला ठाऊक होतं, ट्रकची ताडपत्री, दादाने विचारलं ते, मी म्हणालो ते.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "नेमकं काय विचारलं त्यांनी?"

"पाणी ओतून पाहिलंस ना, असं."

"आणि तुम्ही?"

"पाहिलं. तू निघ."

"मग?"

"मग हसला. पिशवी खांद्यावर टाकली आणि जिना उतरला."

"कुठला सदरा होता?"

"निळा. उसवलेल्या खिशाचा."

"तो मी शिवायचा राहिला होता," त्या म्हणाल्या. बराच वेळ फडक्याची घडी घालत बसल्या. मग, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांनी मध्ये काहीच विचारलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "भट्टीत काढल्यासारखं वर्ष गेलं, भाऊजी. रोज वाटायचं, आज बोलाल." मी बघतच राहिलो. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "चिमणीला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

त्यांनी हाक मारली. चिमणी हातात मोजे घेऊन बाहेर आली. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा सांगताना फार थोडे शब्द लागले. "परवा तू विचारलंस ना, ते मला ऐकू आलं होतं. बाबांच्या वेळी मी पाणी ओतून पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं म्हणालो."

तिच्या हातातले मोजे एकमेकांत गुंडाळलेले होते. ती ते सोडवत राहिली, सुटल्यावरही. तंबू नेणार की नाही ते ती बोलली नाही. मी विचारलं नाही. माफ करा असं म्हणायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की तेही मागणंच होतं. म्हटलं नाही.

वहिनी उठल्या. म्हणाल्या, "शनिवारी येऊ नका आता."

"बरं."

मी चपला घातल्या. बाहेर आलो. मागे दार लागलं, आतून कडी लागली. सांगून झालं होतं. कठड्याला धरून मी एकेक पायरी उतरलो.